मेसिनाला एकटीने

९ मे. बार्सिलोना. जहाज सुटलं.

पहिल्याच जेवणाला सुरुवात झाली. वेटर आला, एल्सपेथकडे वाकला आणि म्हणाला, "आणि यांना काय देऊ?"

यांना म्हणजे मला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर, चष्मा लावून, मेन्यू उघडा धरून बसलेली.

"यांना मासा द्या," मी म्हणाले. "आणि यांना ऐकूही येतं, बोलताही येतं."

एल्सपेथने टेबलाखालून मला लाथ मारली. माझ्या पायांना काहीही कळत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी मारते. पेले हलले म्हणून मला समजलं.

वही कोरी आहे तेव्हा एकदाच लिहून टाकते. मी मोरॅग, वय त्रेसष्ट, गाव डंडी. जन्मभर अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसले, कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवत. मग मज्जातंतूंचं दुखणं आलं, पाय गेले, हातांचीही थोडी ताकद गेली, आणि आता मला कुठे न्यायचं ते एल्सपेथ ठरवते. ती माझी थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी म्हणून राहायला आली, ती गेलीच नाही. मी बोलावलं नव्हतं. फुलांचं दुकान होतं तिचं, चांगलं चालायचं. ते विकलं. तेही मी सांगितलं नव्हतं.

टेबलावर तिसरा एक वेल्सचा गृहस्थ आहे, ग्विलिम प्रिचर्ड. पियानो सुरात लावून द्यायचा धंदा होता. बायको वारलेली. त्याने मासा कसा झालाय ते थेट मला विचारलं. जरा जास्तच चांगला वागतो. लक्ष ठेवायला हवं.

११ मे. जेनोवा.

सहलींच्या काउंटरवर जाऊन आलो. तिथल्या मुलीने एल्सपेथकडे बघत सांगितलं की बसला पायऱ्या आहेत, त्यामुळे कुठलीच सहल मॅडमना झेपण्यासारखी नाही. "पण मॅडमसाठी दुपारी सातव्या डेकवर बिंगो आहे!"

"बघ, बिंगो!" एल्सपेथ म्हणाली.

"बिंगो डंडीतही आहे," मी म्हणाले. "तिथे निदान ओळखीची माणसं हरतात."

"मोरॅग, ती बिचारी मदतच करतेय ना?"

"मग तिला सांग, माझ्याकडे बघून कर म्हणावं."

एल्सपेथने माझ्यावतीने माफी मागितली. हे तिचं आवडतं काम. शिंपी दोरा तोंडात धरतो तशी तिच्या तोंडात ती माफी तयारच असते.

जेनोवा मी कठड्यामागून पाहिलं. एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं आणि वाळत घातलेले कपडे. कुणीतरी लाल चादर झटकत होतं. मला त्या बाईचा हेवा वाटला. चादर झटकायला उभं राहावं लागतं.

दुपारी कॉफीला गेले तर एल्सपेथ आणि तो प्रिचर्ड डोकं जवळ आणून कुजबुजत होते. मला बघून दोघंही गप्प. एल्सपेथचं तोंड लाल झालेलं. म्हणाली, ऊन लागलं. ऊन तर जहाजाच्या दुसऱ्या बाजूला होतं. माझ्याबद्दल काहीतरी शिजतंय, नक्की.

१२ मे. नेपल्स.

आजचं लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहिते.

मी हट्टच धरला म्हणून एल्सपेथ मला गावात घेऊन गेली. काळ्या फरशांचे रस्ते, पावसापाण्याने गुळगुळीत झालेले, मध्येमध्ये खचलेले. मोठा रस्ता ओलांडताना माझ्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. मी कळ पुढे दाबली, मागे दाबली. खुर्ची नुसती गुरगुरत राहिली. दोन्ही बाजूंनी स्कूटर. एल्सपेथ रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली आणि किंचाळायला लागली. शब्द नाहीत, नुसती किंचाळी. चार पुरुष धावत आले. कपाट उचलावं तसं त्यांनी मला खुर्चीसकट उचललं, पलीकडे ठेवलं, आणि चौघांनीही तिला विचारलं, "त्या ठीक आहेत ना?"

ती भिंतीला टेकून फुटपाथवरच बसली.

तासाभरात जहाजावर परत. केबिनमध्ये म्हणाली, "संपलं. मेसिनाला आपण उतरायचं नाही. माझ्यात ताकद नाही गं."

"तुझी ताकद मागितलीय कुणी?"

"नको बोलूस, मोरॅग. आज नको."

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याची तिला भीती वाटायला हवी होती, पण ती आधीच बाथरूममध्ये शिरली होती आणि नळ सोडून बसली होती. एवढा वेळ तोंड धुतात का कधी?

खरं सांगायचं तर त्या जाळीवर मीही घाबरले होते. पण घाबरणं माझं होतं. ते सगळं तिने स्वतःच वापरून टाकलं, माझ्या वाट्याला उरलंच नाही.

जेवणानंतर प्रिचर्ड शब्दकोडं घेऊन आला. वर्तमानपत्राच्या घडीत मेसिनाचा नकाशा होता.

"गाव सपाट आहे," तो हळूच म्हणाला. "धक्क्याचं फाटक ओलांडलं की गावच. मी गेल्या वर्षी एकटा आलो होतो. फुटपाथला जिथे उतार आहेत तिथे पेन्सिलने खुणा केल्यात."

"तुम्हाला काय करायचेत फुटपाथचे उतार?"

"माझी बायको शेवटी खुर्चीतच होती, मिस मोरॅग. खुणा करायची सवय जात नाही." मग म्हणाला, "एकटी जाऊ शकाल तुम्ही."

याला मला एकटीला कशाला पाठवायचंय? बराच विचार केला. मी पुन्हा कुठेतरी अडकावं, म्हणजे एल्सपेथ पुढची वीस वर्षं "सांगत होते ना" म्हणायला मोकळी, असं दोघांचं ठरलेलं असणार. ठीक आहे. सापळा असला तर असू दे. नकाशा चांगला आहे.

१३ मे. मेसिना. सकाळी.

एल्सपेथ जहाजावरच्या पार्लरमध्ये केस सेट करून घ्यायला गेलीय. जहाजावरच बसायचंय, मग केस कुणासाठी? असो. बॅटरी भरलेली आहे. लघवीची पिशवी बदललेली आहे, तेव्हा मोरीची चिंता नाही. आरशावर चिठ्ठी लावली: "मेसिनाला जातेय. एकटी. मागे येऊ नकोस."

चिठ्ठीचं अक्षर वाकडं आलंय. आजारामुळे असेल. नसेलही.

तीच, दुपारी. चौकात.

गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, अक्षर असंच येणार.

जहाजातून धक्क्यावर टाकलेला पूल उतरले, फाटकातून बाहेर पडले, आणि खरंच समोर गाव. प्रिचर्डच्या खुणा तंतोतंत, फक्त तिसऱ्या खुणेवर निळी मोटार उभी, नेमकी उतारावर. पुढे जाता येईना, आणि मागे जायचं नव्हतं. मी मोटारीच्या टपावर छत्रीने ठोकायला लागले. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून एक माणूस बाहेर आला, गळ्यात पांढरं फडकं, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस.

तो त्याच्या भाषेत, मी डंडीच्या इंग्रजीत. तरी दोघांनाही सगळं कळत होतं.

"दोन मिनिटं, सिन्योरा! दोनच! दाढी झाली की काढतो!"

"तुझी दाढी होईपर्यंत मला दाढी येईल!"

"तोंडाला फेस आहे माझ्या!"

"मला तोंडाने कुठे चालवायचीय गाडी? हाताने चालव!"

आतून न्हावी वस्तरा हातात घेऊनच ओरडला, "काढ रे, टुरी, काढ! बाई सोडणार नाही!" टुरीने सगळ्या संतांची नावं घेत मोटार काढली. मी जाताना मान लववली. त्यानेही लववली, फेस फडक्यावर पडला.

बाराला चौकात पोचले. देवळाच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. बाराचे ठोके पडले की त्यातला सोनेरी सिंह गर्जतो, कोंबडा आरवतो. लोक आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. सिंह वर गर्जत होता आणि मला दिसत होत्या पाठी. एकावर एक पाठी, झोळे, एक कुत्रा. तेवढ्यात माझ्या बाजूच्या काळ्या पोशाखातल्या बाईने अशी आरोळी ठोकली की सिंह लाजला असता. "ए! सरका! ती काय तुमची ढुंगणं बघायला आलीय?" लोक दुभंगले. कोंबडा मला पूर्ण दिसला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हात मागे बांधून कोंबडाच बघत राहिली.

मग बार. आत शिरले. पोऱ्या नाही, वेटर नाही, काउंटरमागे मालक, टकला, भुवया दाट.

"सिन्योरा?"

मी मागे वळून पाहिलं. सवय. मागे एल्सपेथ नव्हती. विचारायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून तो मलाच विचारत होता. आणि इतका राग आला मला स्वतःचा, कारण मला सुचेना! काय हवं? मला काय आवडतं?

"सिन्योरा, अर्धं गाव उभं आहे मागे."

"उभं राहू दे," मी म्हणाले. "त्यांना येतं उभं राहता."

तो हसला. मी बोट दाखवलं: कॉफीचा बर्फगोळ्यासारखा ग्रानिता, वर फेटलेली साय, सोबत ब्रियोश, डोक्यावर अंबाडा घातल्यासारखा गोल पाव. अंबाडा तोडून सायीत बुडवायचा असतो, हे शेजारच्या टेबलावरच्यांचं बघून शिकले. पहिल्याच घासाला हात उडाला, आणि साय, कॉफी सगळं ब्लाऊजवर. कुणी धावलं नाही. कुणी "अगं बाई" म्हणालं नाही. शेजारच्या म्हातारीने कागदी रुमाल पुढे सरकवला आणि आपल्या वर्तमानपत्रात परत गेली. मी पुसलं. अर्धवटच निघालं. आता छातीवर डाग मिरवत बसलेय, आणि दुसरा मागवलाय. बदामाचा.

मघाशी वाटलं, पलीकडच्या कमानीखाली कुणीतरी एल्सपेथसारखं उभं आहे. तिच्यासारखाच राखाडी कोट. नीट पाहिलं तेव्हा नव्हतं कुणी. तिची भीती माझ्या डोळ्यांतच शिरून बसलीय, दुसरं काय.

तीच, संध्याकाळी. जहाज चालू लागलं.

नीट क्रमाने लिहायला हवं.

सगळ्यांनी परत यायची वेळ साडेचार. मी आधीच धक्क्यावर होते, उगीच ताणलं नाही. मनात भाषण तयार होतं. एल्सपेथ दाराशी रडवेली उभी असेल, मी म्हणेन, बघ, आहे की नाही धडधाकट? पूल चढून वर आले. दारातल्या अधिकाऱ्याने माझं कार्ड लावलं, पडद्याकडे पाहिलं.

"तुमच्या केबिनमधल्या दुसऱ्या बाई अजून आल्या नाहीत."

"ती कुठे जाईल? ती वरच आहे."

"तुमच्यामागून थोड्या वेळाने उतरल्या. अजून परत नाहीत."

भाषण जागच्या जागी विरलं. एल्सपेथ, जिला नेपल्सचा रस्ता ओलांडता आला नाही, ती परक्या गावात मला शोधत फिरतेय. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, मागे येऊ नकोस. म्हणजे ती येणारच, हे मला कळायला नको होतं?

साडेचार झाले. भोंगा वाजला. धक्क्यावरची माणसं दोर सोडायला निघाली.

"मॅडम, आत चला. पूल काढायचाय."

"माझी बहीण आलेली नाही."

"स्वतःहून गावात गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. नियम आहे, मॅडम."

मी खुर्ची वळवली, पुलाच्या मधोमध नेली, आडवी लावली आणि कळ बंद केली.

"मॅडम!"

"बॅटरी गेली."

"हिरवा दिवा दिसतोय बॅटरीचा."

"बंदच होईना झालाय तो दिवा. कंपनीला कळवायचंय."

त्याने चार खलाशी बोलावले. त्यांनी ढकललं. खुर्ची जड, वर मी, ब्रेक आवळलेले. तसूभर हलेना. मागे खाली दोन खटके असतात, ते उचलले की चाकं मोकळी होतात आणि मला एक जणही ढकलू शकतो. ते मी त्यांना का सांगू?

"उचला," अधिकारी म्हणाला.

तेव्हा मी आवाज खाली आणला. कंट्रोल रूममध्ये समोरचा माणूस किंचाळत असला की आपण हळू बोलायचं असतं. "तुमचं नाव काय?"

"ब्रांको."

"ब्रांको, कुणी कुणाला उचलणार नाही. धक्क्याच्या फाटकावर पहारेकरी आहे, त्याला फोन लावा. राखाडी कोट, उंच बाई, अडुसष्ट वर्षांची, विचारा दिसतेय का. तोवर वर कप्तानाला कळवा की पुलावर एक अपंग प्रवासी अडकलीय आणि तुम्ही तिची काळजी घेताय. खोटं नाही त्यात काही. लावा फोन."

त्याने लावला. का लावला ते त्याचं त्याला माहीत.

वरच्या डेकवर लोक कठड्याला लागले होते. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी ओरडत होतं की आमचं जेवण थांबलंय. "थांबू दे!" मी वर बघून ओरडले. छातीवर कॉफीचा डाग, केस विस्कटलेले. मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की ती फाटकातून येऊ दे. येऊ दे. येऊ दे.

आली. पळत. बूट हातात, सकाळी सेट केलेले केस पार उधळलेले, आणि दुसरा हात प्रिचर्डच्या हातात. तो तिला ओढत नव्हता, तीच त्याला ओढत होती. माझी एल्सपेथ, धावताना! आणि हसत होती.

पुलावर मला बघून थबकली. "तू मध्येच काय करतेयस?"

"ऊन खातेय," मी म्हणाले आणि कळ चालू केली. ब्रांकोने आकाशाकडे पाहिलं.

तिने प्रिचर्डचा हात दार ओलांडेपर्यंत सोडला नाही. ब्रांकोचीही तिने माफी मागितली नाही.

केबिनमध्ये मी आधी बोलले. "मला शोधत होतीस ना? माफ कर. गाव परकं, तू एकटी..."

"मी तुला तासाभरात शोधलं," ती म्हणाली. पलंगावर बसली होती, बूट मांडीवर. "तू चौकात होतीस. टेबलाशी. साय सांडलीस अंगावर."

"कमानीखाली तूच होतीस?"

"धावणारच होते. पाऊल उचललंसुद्धा. मग तू रुमाल घेतलास आणि पुसलंस. दुसरा मागवलास. आणि..." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, मी इथे कशाला उभी आहे? मी पाठ फिरवली, मोरॅग. तुला तिथे सोडून, शोधायला सोबत आलेल्या ग्विलिमबरोबर बस पकडली आणि गावाच्या टोकाला गेले. समुद्रात उंच डोलकाठीच्या नावा आहेत, वर माणूस चढून तलवार-मासा शोधतो. आम्ही तेच बघत बसलो. मग परतीची बस आलीच नाही. मला तुझी आठवण आली नाही. तीन तास एकदाही नाही. देवाशपथ सांगते."

मला वाटलं होतं मला राग येईल. मी वाट पाहिली. आला नाही.

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्याविरुद्ध काही शिजवत नव्हतात?"

ती बघतच राहिली. मग इतकं हसली की डोळे पुसावे लागले. "तुझ्याविरुद्ध? अगं, तुझा विषयही नसायचा!"

हे जरा लागलं, लपवत नाही.

मग हळूहळू निघालं. त्याने तिला ऑक्टोबरात वेल्सला बोलावलंय. महिनाभर. समुद्राकाठी घर आहे, मागे बाग आहे, बागेचं वाटोळं झालंय. तिने नाही सांगितलं.

"का?"

तिने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"नाही हं," मी म्हणाले. "ते चालणार नाही. वेटर मला सोडून तुला विचारतात ते मी सहन केलं. पण तू स्वतः घाबरतेस आणि बिल माझ्या पायांच्या नावाने फाडतेस, ते मी नाही सहन करणार. जायचं नसेल तर नको जाऊस. पण त्याला खरं कारण सांग."

"तुझं काय होईल?"

"ते मला विचार. मी इथेच बसलेय."

तिने मांडीवरचे बूट खाली ठेवले. मग तिने पहिल्यांदाच खरोखर मला विचारलं. "तुझं काय होईल, मोरॅग?"

मी म्हणाले, "माहीत नाही." तेवढंच खरं होतं.

१४ मे. वालेटा. दुपारी.

दोघं उतरून गेलीत. एल्सपेथ तीनदा दारातून परत आली. गोळ्या कुठे आहेत, पाणी कुठे आहे, फोन कुठे आहे. तिसऱ्यांदा मी म्हणाले, आता आलीस तर दार आतून लावीन. मग गेली. काल त्याला काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

खुर्चीत बसून पाठ भरून आली. पडायचं होतं. खुर्चीतून पलंगावर सरकायची फळी आहे. एल्सपेथ एक बाजू धरते, मी सरकते, अशी आमची पद्धत. आज ती धरणारी नव्हती. फळी लावली. घसरली. पुन्हा लावली. दात आवळून सरकले, मध्येच अडकले, अर्धी इकडे अर्धी तिकडे, आणि तिथेच थांबून ज्या शिव्या दिल्या त्या वहीत लिहिण्यासारख्या नाहीत. मग एक हात पलीकडच्या कडेला पोचला. ओढलं. पाय मागून आले, त्यांच्या सोयीने.

आता पलंगावर आहे. आडवीतिडवी पडलेय, फ्रॉक गोळा झालाय, उशी लांब पायांशी राहिलीय. वही मात्र हाताशी आली.

दारावर टकटक झाली. खोली आवरणारा दारातून डोकावला आणि माझा अवतार बघून घाबरला. "मॅडम! कुणाला बोलावू? तुमच्या ताईंना निरोप पाठवू?"

"कुणाला नको," मी म्हणाले. "ती उशी तेवढी दे इकडे."